कापड वेळेत दिलं असतं तर

ताई कोटांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कापडाचे थर लांबलचक टेबलावर अंथरायचे, खडूने खुणा करायच्या आणि कटिंगच्या मशीनने एका दमात सगळे थर कापायचे, हे तिचं काम. कापताना ती श्वाससुद्धा जपून घ्यायची, असं तिच्या हाताखालच्या बायका म्हणायच्या.

एका परदेशी गिऱ्हाइकाची हिवाळी कोटांची मोठी ऑर्डर आली होती. कापड गोदामात येऊन पडलं, आणि मालकाने ते उचलून दुसऱ्याच एका घाईच्या गिऱ्हाइकासाठी वापरून टाकलं. नवं कापड मागवलं, ते रखडलं. ताईच्या टेबलावर थर आले तेव्हा बोट सुटायची वेळ अगदी डोक्यावर आली होती. बायकांनी जेवणाच्या सुट्ट्या सोडल्या, ताईने अंगात ताप असताना मशीन चालवलं, तरी मालाची बोट चुकली. मग मालकाने सगळ्या कारखान्यासमोर खापर फोडलं ते ताईच्या डोक्यावर. गिऱ्हाइकालाही तसंच कळवलं, आणि धंद्यातल्या चार लोकांत बसला की तोच पाढा वाचू लागला. त्यानंतर ताईला कुणी कटिंगच्या टेबलापाशी उभं केलं नाही. ती घरी खिडकीशी बसून लोकांच्या पडद्यांना टिपा मारू लागली.

ताई रडली नाही की भांडली नाही. धाकट्या बहिणीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. ही धाकटी दुभाषी होती. इस्पितळं, कंपन्या, वकिलांची ऑफिसं, जिथे इंग्रजी बोलणाऱ्यांना आपली भाषा कळत नाही तिथे जाऊन दोघांच्या मधे बसायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं. एजन्सीच्या कामांत एकदा त्या कोटांच्या कारखान्याचं नाव दिसलं. नेहमीचा दुभाषी बदली होऊन गेला होता. धाकटीने ते काम मागून घेतलं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, चेहरा आईवर गेलेला, ताईचा वडिलांवर. मालकाला काही कळायचं कारण नव्हतं. ताईलाही तिने सांगितलं नाही.

काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. पहिले काही महिने तिने फक्त बारकाईने पाहिलं. मालकाला इंग्रजीची भारी हौस. फोन ठेवताना 'टाइम इज टाइम' म्हणायचा, दर दोन वाक्यांनंतर 'व्हेरी गुड'. वस्तूंची नावं त्याला पाठ होती, क्रियापदं मात्र त्याच्या कानाजवळून वाऱ्यासारखी निघून जायची. एकदा त्याच परदेशी गिऱ्हाइकाकडची बाई फोनवर म्हणाली की दर जमला असता तर आम्ही उन्हाळ्यातच काम सुरू केलं असतं. मालकाने लगेच मॅनेजरला हाक मारून सांगितलं की उन्हाळ्यात काम सुरू होतंय. धाकटीने त्याला थांबवलं.

"साहेब, त्या वूड म्हणाल्या. सुरू केलं असतं. करणार आहोत, असं नाही."

"अहो मॅडम, वूड काय नि विल काय, एकच की!" असं म्हणून तो हसला.

त्या दिवशी बसमधे तिच्या मनात ते घोळत राहिलं. इंग्रजीत वेळेबद्दल बोलताना सगळी मेख क्रियापदात असते. झालं, होईल आणि झालं असतं यांच्यात इवल्याशा शब्दाचं अंतर, आणि तो शब्द हा माणूस ऐकतच नाही. उलट 'आता निघायची वेळ झाली' म्हणायचं तर इंग्रज 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'निघालो', अजून खुर्चीतून उठलेलासुद्धा नसताना. ज्याला हे कळत नाही त्याला काय घडलं आणि काय घडायचंय यातला फरकच कळणार नाही. तिला पहिल्यांदा वाटलं की मालकाचं मानगूट आपल्या हातात आलंय.

आणखी मोठी ऑर्डर द्यायची की नाही हे ठरवायला गिऱ्हाइकाकडची ती बाई स्वतः आली. सोबत तिचा एक सहकारी. पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई होती. तिने आधी सगळा कारखाना हिंडून पाहिला, एका कोटाची शिवण नखाने उसवून बघितली आणि मग मालकाच्या खोलीत येऊन बसली. धाकटी दोघांच्या मधे. बाईने सरळ विचारलं की मागच्या खेपेला माल वेळेत का आला नाही, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मालक खुर्चीत रेलून बसला. "सांगा त्यांना. कटिंगवालीने वेळेत कापड कापलं असतं, तर आम्ही माल वेळेत दिला असता."

हेच वाक्य ताईने सगळ्या कारखान्यासमोर खाली मान घालून ऐकलं होतं, आणि आता ते आपल्याच तोंडाने परक्या माणसांना सांगायचं. धाकटीने पाण्याचा घोट घेतला. मग प्रत्येक शब्द सुटा करत ती म्हणाली, "इफ आय हॅड गिव्हन द कटर द क्लॉथ इन टाइम, वी वूड हॅव डिलिव्हर्ड इन टाइम."

मी कटिंगवालीला कापड वेळेत दिलं असतं, तर आम्ही माल वेळेत दिला असता.

दुभाष्याच्या तोंडी 'मी' आला तर तो मालकाचाच असतो, त्यामुळे त्या 'आय'ने त्याला काही टोचलं नाही. हॅड गिव्हन वाऱ्यावर गेलं. कटर, क्लॉथ, टाइम तेवढं त्याने पकडलं आणि मान डोलावली. "येस, येस. कटर. व्हेरी सॉरी."

पण झालं भलतंच. बाईचा चेहरा निवळला. ती किंचित पुढे झुकून म्हणाली की हे तेव्हाच सांगितलं असतंत तर आम्ही थांबलो असतो. धाकटीने ते जसंच्या तसं मालकाला सांगितलं. खरं बोलल्याचं श्रेय या माणसाला मिळत होतं! आपणच त्याला प्रामाणिक करून ठेवलं. ऑर्डर बहुधा मिळणार, तीही आपल्यामुळे.

तेवढ्यात बाईने विचारलं, "आणि ती कटर? ती आता कुठे आहे?"

मालकाने हात झटकला. "हाकलून दिली. पुन्हा कुणी तिला दारात उभं करणार नाही अशी व्यवस्था केली. असली माणसं मी ठेवत नाही, हे सांगा त्यांना. नीट सांगा."

धाकटीने नीट सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. सांगताना तिचा आवाज इतका स्थिर होता की तिचं तिलाच नवल वाटलं.

बाईने मालकाकडे बराच वेळ पाहिलं. आपल्या शिस्तीची छाप पडली असं वाटून तोही तिच्याकडे हसून पाहत राहिला. मग बाईने चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि म्हणाली, "इट्स टाइम वी फाउंड समबडी एल्स."

धाकटी तोंड उघडणार, तोच मालकाला त्यातलं 'फाउंड' ऐकू आलं. त्याने उठून हात पुढे केला. "व्हेरी गुड! व्हेरी गुड!"

सहकारी चमकून बघत राहिला. बाईने हात मिळवला नाही. दोघं निघून गेली.

"काय सापडलं म्हणाल्या त्या?" मालकाने विचारलं.

"सापडलं नाही, साहेब. शोधायचंय. आता दुसऱ्या कुणालातरी शोधायची वेळ झाली, असं म्हणाल्या. तुमच्याऐवजी."

"काय बोलताय? आत्ता तर सगळं नीट चाललं होतं."

"कटिंगवालीला कापड तुम्ही वेळेवर दिलं नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. बाकीचं तुम्हीच सांगितलंत." तिने पर्स खांद्याला लावली. "ती माझी मोठी बहीण."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने दाराकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. या दुभाषी बाईने खरं सांगितलं, अशी तक्रार तो कुणाकडे करणार होता? धाकटी मुद्दाम थोडा वेळ तिथेच उभी राहिली. इतके महिने ज्यासाठी काढले ते तिला पोटभर पाहून घ्यायचं होतं.

त्याने तक्रार केलीच. एजन्सीने तिला बोलावलं, दुभाष्याने स्वतःच्या पदरचं बोलायचं नसतं एवढंच ऐकवलं आणि तिचं नाव काढून टाकलं. त्यांचं बरोबर होतं, हे तिलाही मान्य होतं. ऑर्डर दुसऱ्या कारखान्यात गेली. मालकाच्या शिवणखात्यातल्या काही बायकांना तिथे काम लागलं, काहींना नाही. काम न लागलेल्यांतली एक, ताईची जुनी मैत्रीण, बाजारात ताईला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

तेव्हा ताईने धाकटीला खोदून विचारलं आणि तिला सगळं कळलं. ती धाकटीवर चिडली. मला न विचारता माझं भांडण कशाला उकरलंस, तुझं काम घालवलंस, त्या बायकांचं घालवलंस, असं बरंच बोलली. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. केलं त्याचा तिला पश्चात्ताप नव्हता आणि तसं ती खोटं म्हणणारही नव्हती.

मग ताईने हातातला पडदा खाली ठेवला. मशीनची खुर्ची वळवून ती बहिणीसमोर बसली.

"त्याचा चेहरा कसा झाला होता?"

धाकटीने सांगितलं.

"असं नको, घाई करू नकोस. तू म्हणालीस ती माझी बहीण, आणि मग?"

धाकटी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.