साफ फोटो

आत्याचं बोलणं इतकं हळू, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. पण घरच्या सगळ्यांचा मोठा फोटो छापून आला आणि ती म्हणाली, "माझ्या जागी ही कोण उभी केलीय?" ते पार स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

तिच्या कपाळावरचं, ओठांभोवतीचं कोड फोटोत नव्हतंच. सगळा चेहरा एकाच रंगाचा, नुकत्या लिंपलेल्या भिंतीसारखा.

"छान तर आलाय," दादा म्हणाला. "रविवारी पोरीला बघायला पाहुणे येतायत. हाच लावू."

"आणि मला कुठे ठेवू? माळ्यावर?"

"वन्सं, कशातही खुसपट काढता बाई," वहिनी पुटपुटली.

आत्याने फोटो गुंडाळला आणि तडक दुकान गाठलं.

फोटोवाला गोंधळला. "ताई, तुम्हीच म्हणालात, साफ पाहिजे."

"साफ म्हणजे स्पष्ट, भाऊ."

"आमच्याकडे साफ म्हणजे डाग काढणं. सगळे तेच मागतात."

"देवानं काढलेलं तुम्ही कशाला खोडता?"

त्याने पडद्यावर मूळ फोटो उघडला. "बरं, निम्मं फिकं करतो. कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

"मी काय निम्मी आले होते फोटोला?"

त्याने एक छोटा तुकडा छापून दिला. कोड परतलं होतं, पण निळसर. यंत्र आपल्या मनाने रंग बदलतं, तो म्हणाला. आत्याने तुकडा खिडकीपाशी नेला आणि शेजारी आपला कोडाचा हात धरला. "हा घ्या नमुना. याला जुळवा." दोन-चार तुकडे वाया गेले. कागद आणि कातडी एक दिसली, तेव्हाच तिने मोठा छापू दिला.

"पाहुणे गेले की लावू," घरी दादा म्हणाला.

"मग तोवर मलाही आतल्या खोलीत कोंड." आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. "तोंड लपवायला मी चोरी केलेली नाही, दादा. ज्यांना हे तोंड भिंतीवर बघवणार नाही, त्यांच्या घरात आपली पोर द्यायची कशी?"

पोरगी स्टूल, खिळा आणि हातोडी घेऊन आली. आत्या पदर खोचून वर चढली.

"खिळा वाकडा चाललाय," दादा अखेर म्हणाला.

"मग धर की सरळ," आत्या म्हणाली. हातोडी मात्र तिने सोडली नाही.