जीपची खांदशेकणी

आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जागा आमच्या घरची. माझ्या सासऱ्याच्या बापापासून आमची जोडी तिथं उभी राहत आली. यंदा ती जागा एका लाईटपायी जाता जाता राहिली. गावात या गोष्टीच्या सात-आठ गोष्टी फिरून राह्यल्या आहेत, अन् त्यातल्या सहा आमच्या समोरच्या देवमननं सोडल्या आहेत. म्हणून खरी मी सांगते. मी सकाळपासून तिथंच होती.

बैलजोडी आमी मागच्या पोळ्यानंतर विकली. माझा पोरगा इंद्रभान म्हणे, ट्रॅक्टर भाड्यानं मिळते, बैलाले बारा महिने चारा कोण घालते. मी घातला असता. पण पोरगा पन्नाशीले आला की त्याले मायचं ऐकू येत नाही. दारात राहिली ती जुनी जीप. शिरपूरच्या मंदिरातले यात्रेकरू, रिसोडच्या बाजाराची सोयाबीनची पोती, बाळंतिणी, नवरदेव, सगळं तिनंच वाहिलं. कधी लाथ मारली नाही.

पोळ्याच्या आठ दिवस पहिले मारुतीच्या पारावर बैठक झाली. समोरच्या घरचा देवमन उठला. यंदा त्यानं नवी जोडी घेतली, तेव्हापासून तो चालतानाही मान हलवते.

"गोजरावैनीच्या घरी बैल नाई," तो म्हणे. "तोरनाखाली चार पाय लागतात."

"जीपले चार चाकं आहेत," मी म्हटलं. "अन् तुह्या बैलासारखी ती नाल्यात बसत नाई."

पारावरची म्हातारी माणसं हसली, पण देवमनचंही मन मोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तोड काढली. जीप चालते. पण बैल आपल्या पायानं येते, तशी जीप आपल्या दमानं आली पाहिजे, धक्का मारायचा नाही. बैल सजून येते, तशी तीही सजून, चमकत आली पाहिजे. बंद पडली किंवा तिचे लाईट विझले, तं पहिली जागा देवमनची. यंदापुरती नाही, कायमची.

बैलाच्या शिंगाले बेगड लावतात. जीपले शिंगं नाहीत, म्हणून इंद्रभाननं एलईडी लाईट लावायचं काढलं. रिसोडले हेमसिंग नावाचा फिटर आहे, तांड्यावरचा, इंद्रभानच्याच वयाचा, बोलणं कमी. पोळ्याच्या दोन दिवस पहिले त्यानं घरी येऊन समोरचे दोन मोठे लाईट बदलले, चारी इंडिकेटर बदलले अन् बंपरवर एक लांब पट्टी लावली. बटन दाबलं तं देवमनच्या भिंतीचे पोपडे कुठं कुठं सुटले आहेत तेही दिसलं. माझं समाधान झालं.

जाताना हेमसिंग सांगून गेला, "माय, आता वायरीले कोनी हात लावू नका."

"आमच्या घरी कोन हात लावते," मी म्हटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, तो ऊन पाण्यानं शेकायचा, त्याले लोणी अन् हळद चोळायची, अन् उद्या जेवायले ये म्हणून आवतन द्यायचं. जीप बैलाच्या जागी उभी राहणार, मंग तिची खांदशेकणी नको?

"आई, जीपले खांदा नसते," इंद्रभान म्हणे.

"मंग एवढं ओझं ती कायच्यावर वाहते?"

त्यानं बॉनेट उघडलं. इंजिनच्या दोन्ही अंगाले जाड पत्रे आहेत, सगळा भार त्याच्यावर. तोच खांदा. हे समजायले कॉलेज लागत नाही. माझ्या सुनेनं, राखीनं, वाटी धरली अन् मी पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळली. उजवा खांदा झाला. डाव्या खांद्यावर एक बोल्ट होता, अन् त्याच्यात चार-पाच काळ्या वायरींच्या कड्या अडकवलेल्या. कड्यांच्या खालचा पत्रा कोरडाच राहत होता. बैलाच्या मानेवरचं जू न काढता कोणी खांदा चोळते का? मी पकडीनं नट सोडला, कड्या उचलल्या, खाली बोटभर लोणी भरलं, कड्या पुन्हा ठेवल्या अन् नट हातानं बसवला.

"आत्याबाई, पकडीनं आवळू का?" राखीनं विचारलं.

"उद्या जेवायले बोलावलं तिले," मी म्हटलं, "अन् आज गळा आवळते का?"

पोळ्याच्या सकाळी इंद्रभाननं जीप बाहेरून धुतली, तिच्यावर जुनी झूल पांघरली, आरशाले घुंगरं बांधली अन् लाईटचं बटन दाबलं. डावा लाईट लागला, उजवा लुकलुकला, मंग दोघंही एकमेकाचं पाहून विझले. ब्रेक दाबला तं इंडिकेटर लागले. इंडिकेटर लावलं तं ते गिरणीच्या पट्ट्यासारखं टकटक धावाले लागलं. हॉर्न दाबला तं वायपर अर्धा उठला अन् पुन्हा निजला. एवढी बेशिस्त मी आमच्या घरी माणसालेही चालू दिली नाही.

"त्या फिटरनं फसवलं," मी म्हटलं.

"आत्याबाई, काल आपन जे..." राखी बोलू लागली.

"तू पुरनाकडे पाह्य."

इंद्रभाननं फ्यूजची डबी उघडली. एकेक फ्यूज उपसला, उन्हात धरून पाहिला, त्याच्यावर फुंकर मारली अन् परत खोचला. असे वीस-बावीस फ्यूज झाले. जीपची तब्येत होती तशीच. फुंकर मारून उतरायले तिले काही दृष्ट लागली नव्हती.

मंग हरीओम आला. हरीओम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देते, म्हणून विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू आपल्या नात्यातल्या आहेत असं त्याले वाटते. त्यानं बॉनेटमधी डोकं घातलं अन् बाहेर काढलं.

"बॅटरी बसली, काकू."

त्यानं आपल्या टेम्पोची बॅटरी काढून आणली. तिच्यानंही तेच. वायपर जरा जास्त उठला, एवढाच फरक. मंग हरीओम ओट्यावर बसला, चहा घेतला, फोनवर व्हिडिओ पाहिला अन् उभा राहिला.

"एलईडी करंट कमी खाते. म्हनून गाडीले वाटते का बल्ब गेला. तिच्यात रेझिस्टन्स टाकावा लागते."

गाडीले वाटते म्हणे. मले या घरात काय वाटते हे पंचावन्न वर्षांत कोणी विचारलं नाही, अन् गाडीले काय वाटते हे याले फोनात दिसलं.

"मंग परवाच्या दिवशी तिले असं काहून नाई वाटलं?" मी विचारलं. "तवा तं सगळे बल्ब जागी होते."

हरीओमनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

देवमन दर घंट्याले तंबाखू मागायच्या निमित्तानं येऊन जाय. एवढी तंबाखू खाल्ली असती तं तो दुपारीच आडवा झाला असता.

"वैनी, मनाले लावून घेऊ नका," तो म्हणे. "दुसरी जागाही काही वाईट नसते. तिथं सावली राह्यते."

मी इंद्रभानले हेमसिंगचा फोन लावायले सांगितलं अन् फोन आपल्या हातात घेतला. जे बोलायचं ते बोलली. तिकडून तो एवढंच म्हणे, "येतो, माय."

"आत्याबाई, त्या बोल्टाखाली..." राखी झाऱ्या हातात घेऊन दारात उभी होती.

"नट-बोल्ट गडीमानसं पाह्यतीन. तुहे भजे जळून राह्यले."

भजे जळत नव्हते, हे मले माहीत होतं.

तीन वाजता हेमसिंग मोटरसायकलवर आला. सणाचं ताट अर्धं टाकून आला होता, ओठाले पुरण होतं. मी त्याले पाणीही विचारलं नाही. त्याच्या दुकानाचा, त्याच्या हाताचा अन् त्याच्या लाईटचा उद्धार करत मी त्याच्या मागं मागं फिरली. त्यानं ऐकून घेतलं. मीटरच्या दोन काड्या बॅटरीले लावल्या, इंद्रभानले जीप चालू करायले लावली, मीटर पाहिलं.

"बॅटरी बरोबर. चार्जिंग बरोबर."

डावा लाईट काढून उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. रोग जागचा हलला नाही.

"लाईटही बरोबर."

"म्हनजे आमचे डोये खराब," मी म्हटलं.

मंग त्यानं झोळीतून एक लांब वायर काढली. एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीले लावलं, दुसरं लाईटच्या काळ्या वायरीले. अन् लाईट असे लागले की देवमननं तंबाखूचा हात डोळ्यावर धरला.

"लाईटकडे जानारा करंट बरोबर हाये, माय," हेमसिंग म्हणे. "परत येनारा रस्ता बंद हाये. परत तं यावंच लागते त्याले. मंग तो दुसऱ्याच्या दारातून निंगते. म्हनून हॉर्न दाबला का वायपर उठते. अर्थिंग कुठंतरी सुटलं."

तो डाव्या अंगाले वाकला. पाना हातात होता, पण लागला नाही. नट त्याच्या बोटानंच फिरला. कड्या उचलल्या तं खाली पिवळं धमक लोणी. त्यानं ते बोटावर घेतलं, वास घेतला. मंग माझ्याकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं, अन् खाली पाहिलं.

"नट सैल राह्यला," तो म्हणे. "माह्याच हातून राह्यला असन. चूक माही."

देवमनलेही ते पटलं होतं. इंद्रभान तं मोकळा श्वास घेऊन राह्यला होता. मी तोंड बंद ठेवलं असतं तं गोष्ट तिथंच संपत होती. पण ज्या माणसाले मी पाणीही दिलं नाही, त्यानं माझ्यावर पांघरूण घालावं, अन् ते पांघरूण मी तोरणाखाली मिरवावं? आमच्या घरची झूल जुनी असन, पण आपली आहे.

"कायले खोटं बोलतं," मी म्हटलं. "नट मी सोडला. लोनी मी भरलं. तू हात लावू नको म्हनून सांगून गेला होता."

हरीओमच्या फोनातला माणूस तेवढा रेझिस्टन्सबद्दल बोलत होता. इंद्रभाननं त्याले हातानं गप्प केलं.

देवमन खुलला. एवढा तो जोडी घेतली तेव्हाही खुलला नव्हता.

"मंग तं अडचन झाली, वैनी. लाईट पाह्यजे तं लोनी पुसा लागन. अन् लोनी पुसलं तं खांदशेकनी मोडली. खांदशेकनी मोडलेलं जनावर तोरनाखाली कसं येईन? हे माहं नाई, रीतीचं म्हननं हाये."

मी आयुष्यभर लोकाले रीत सांगत आली. ती अशी फिरून माझ्याच दारात येऊन बसन असं वाटलं नव्हतं. ऊन कलून राह्यलं होतं, पाराकडून डफड्याचा आवाज येत होता, अन् माझ्या तोंडात शब्द नव्हता. हे पहिल्यांदाच झालं, म्हणून सांगून ठेवते.

तेव्हा राखी ओट्यावरून उतरली. हातात झाऱ्या, डोक्यावर पदर.

"मामाजी," ती देवमनले म्हणे, "तुमच्या बैलाले सकाळी आंघोय घातली ना?"

"घातली तं. साबन लावून."

"खांदेही धुतले?"

"आता आंघोयीत खांदे काय बाजूले ठेवतात, बाई?"

"म्हनजे लोनी निंगालं."

देवमननं आपल्या गोठ्याकडे पाहिलं.

"आमच्या जीपची आंघोय बाहेरूनच झाली होती," राखी म्हणे. "आतून राह्यली होती. ती आता घालू."

एवढं बोलून ती भजे काढायले आत गेली. वीस वर्षांत ती माझ्यासमोर एवढं बोलली नव्हती. बोलली असती तरी मी बोलू दिलं नसतं, ते वेगळं.

हेमसिंगनं सँडपेपर काढला. मी म्हटलं, थांब, अन् पहिले माझ्या हातानं, लुगड्याच्या फडक्यानं लोणी पुसलं, आवतन देणाराच पाहुण्याले न्हाऊ घालते म्हणून. मंग त्यानं पत्रा घासून चांदीसारखा केला, कड्या बसवल्या अन् पान्यानं नट असा आवळला की मीच मान आक्रसून घेतली. इंद्रभाननं बटन दाबलं. लाईट लागले. ब्रेक दाबला, इंडिकेटर गप्प. हॉर्न दाबला, वायपर निजलेला.

जीप आपल्या दमानं पारापर्यंत गेली, अन् तोरणाखाली पहिल्या जागी उभी राहिली. इंद्रभाननं सगळे लाईट लावले, पट्टीसकट. समोर, जीपकडे तोंड करून, बैलांची रांग होती. तो पांढरा उजेड त्यांच्या डोळ्यात गेला अन् रांग मोडली. कोणाची जोडी शाळेकडे, कोणाची नाल्याकडे. देवमनची नवी जोडी तं देवमनले घेऊन सरळ त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"बंद करा थे लाईट," पारावरचे म्हातारे ओरडले. "बैल बिथरून राह्यले."

म्हणजे सकाळपासून ज्या लाईटसाठी आमच्या घरी चुलीसंगं सगळंच पेटलं, ते लाईट तोरणाखाली एका मिनिटात विझवावे लागले. बैल पुन्हा रांगेत लागले, तोरण तोडून पोळा फुटला, तेव्हा जीप अंधारीच उभी होती. पण पहिली उभी होती. देवमन मागून बोलला की विझली म्हणजे जागा गेली. म्हातारे म्हणे, विझली नाही, आम्ही विझवली.

पोळ्याले सालदाराले, म्हणजे सालभराच्या गड्याले, टोपी-उपरणं द्यायची आमच्या घरची पद्धत. बैल गेले, सालदार गेला, तेव्हापासून टोपी-उपरणं पेटीतच होतं. मी टोपी हेमसिंगच्या डोक्यावर ठेवली, उपरणं खांद्यावर टाकलं अन् त्याले पाटावर बसवलं. त्याच्या ताटात दुसरी पुरणपोळी मी वाढली. तूपही मी हात आखडून वाढलं नाही.

मंग जीपले ओवाळायले गेली. राखीनं ताट धरलं. मी कुंकवाचं बोट घेऊन पुढं झाली, तशी राखीनं आपला दुसरा हात हळूच बॉनेटवर ठेवला अन् दाबून धरला.

"आत्याबाई, वरून."

"वरूनच लावून राह्यली," मी म्हटलं.