शिक्षकाच्या रकान्यात येसूबाई

राही दुपारची झोपली, की सत्यवतीच्या हाती पाऊण तास लागे. पोरीने कूस बदलली की तो संपे. तेवढ्यात भात सडायचं, लंगोट वाळत घालायचे, आणि त्यातून काही उरलंच तर लिहायचं. असे अकरा पाऊण तास जोडून तिने एक अर्ज पुरा केला होता. आज तोच अर्ज अंगभर तांबड्या शाईच्या खुणा घेऊन अलिबागहून परत आला होता.

साल एकोणसाठ. येत्या मे महिन्यात अलिबागेत तर्कशास्त्र आणि भाषाशास्त्र यांची उन्हाळी शाळा भरणार होती. मुंबई-पुण्याचे प्राध्यापक, कॉलेजांतली चाळीस मुलं, पंधरा दिवसांचा मुक्काम. 'शाळेसाठी वर्ग व प्रात्यक्षिके सुचवावीत' असं आवाहन पेणच्या वाचनालयात चिकटवलेलं सत्यवतीने वाचलं. कुणी सुचवावीत ते त्यात लिहिलं नव्हतं. लिहिलं नाही म्हणजे आपल्यालाही मुभा आहे, असा तिने सरळ अर्थ लावला. फायनल पास होऊन, ट्रेनिंग घेऊन तिने गावच्या शाळेत चार वर्षं मुलं शिकवली होती. राही झाली तेव्हा शाळा सुटली, पण डोक्यातला फळा काही कुणी पुसला नव्हता.

तिने वर्ग सुचवला होता, 'बांधावरचा वाद'. सहा दिवसांचं प्रात्यक्षिक. शिकवणार तिची सासू, येसूबाई.

धरमतरच्या खाडीकाठचं त्यांचं गाव समुद्राच्या उंबऱ्यावर वसलेलं. भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. प्रत्येक घराला त्या बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. ज्याने त्याने आपल्या तुकड्यावर चिखल चढवायचा. एखाद्या उधाणाला बांध फुटला, की कुणाच्या तुकड्यापासून फुटला यावर भांडण ठरलेलं. ते भांडण घरी नाही, चावडीवर नाही, तिथेच बांधावर उभ्याने मिटवायचं. आणि तेही ओहोटीत, बांधाला पडलेली खांड कोरडी दिसत असते तेवढ्यात. पाणी परत पायाला लागायच्या आत निकाल झालाच पाहिजे, कारण निकाल लागल्याशिवाय कुणी घमेलं उचलत नाही.

सासरे होते तोवर निकाल ते लावायचे. ते गेले आणि गावाने आपसूक येसूबाईकडे तोंड वळवलं. ती बांधावर टोपली पालथी घालून बसे. तिचे नियम दोनच होते. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, समोरचा "व्हय, ह्येच माझं" म्हणेपर्यंत. आणि निकाल लावणाऱ्याने तो तोंडावर सांगायचा. मध्ये निरोप्या नाही.

गेल्या पावसाळ्यात बुधाजी आणि अंबाजी असेच उभे राहिले. येसूबाईने अंबाजीला सांगितलं, "बोल, बुधाजीचं काय म्हणणं हाय?"

अंबाजीने घसा खाकरला. "बुधाजी म्हणतो, या अंबाजीनं माघात आपल्या तुकड्यावर चिखल चढवला न्हाय. चिखलाच्या दिवसांत अंबाजी खाडीत निवट्या मासे धरत फिरत व्हता."

"निवट्यांचं म्या कुठं बोललो?" बुधाजी चकितच झाला. "मना ठावंच न्हवतं!"

सारा बांध हसला. अंबाजीही हसला, मग मान खाली घालून त्याने पहिलं घमेलं उचललं. पाणी अजून हातभर लांब होतं.

सत्यवती तेव्हा पोटुशी होती, बांधाच्या टोकाला उभी होती. पुढे वाचनालयातल्या त्या कागदावर 'तर्कशास्त्र' हा शब्द दिसला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही.

आता त्या अर्जावर तांबड्या शाईत तीन शेरे होते. 'वर्गाची वेळ रोज वेगळी दिली आहे. चुका दुरुस्त कराव्यात.' 'जागा: बांध. म्हणजे कोणती इमारत?' आणि शेवटी, 'शिक्षकाच्या पदवीचा रकाना कोरा आहे.'

येसूबाई मीठ भरून आलेले हात लुगड्याला पुसत आत आली. "ह्ये काय गो? कागदावं कुंकू सांडलं?"

"चुका काढल्यात, आई. पहिल्या दिवशी पावणेसात, दुसऱ्या दिवशी साडेसात, तिसऱ्या दिवशी सव्वाआठ. त्यांना वाटलं, माझं घड्याळ बिघडलंय."

"मंग बरोबरच हाय की. पुनवंपास्नं रोज पाऊण तास पुढं. त्यांच्याकडं ओहोटी रोज एकाच येळंला लागते काय?" येसूबाईने पदराने वारा घेतला. "त्यांचा समुद्र सरकारी असंल."

सत्यवती हसली. तिच्या हसण्याने राही दचकून उठली, आणि तो पाऊण तास तिथेच संपला.

उत्तर लिहायला आणखी तीन दुपारी लागल्या. 'भरती-ओहोटीच्या वेळा दुरुस्त करणे माझ्या हाती नाही,' तिने लिहिलं. 'अलिबागच्या पाठीमागच्या खारपट्टीत माझ्या सासूबाईंचे माहेर आहे. तिथला बांध चालेल. त्याला छप्पर नाही. पदवीचा रकाना कोराच राहील. शिक्षकाचे नाव बदलणार नाही.' शेवटचं वाक्य तिने दोनदा गिरवलं.

चैत्रात बोलावणं आलं. समिती अलिबागच्या एका शाळेत बसणार होती. अर्जदाराने समक्ष येऊन खुलासा करावा. शनिवारी सत्यवतीचा नवरा नामा मुंबईच्या गोदीतून घरी आला. त्याने पत्र वाचलं, दोघींकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "जाताना राहीचं दूध बाटलीत घ्या. तिथं दोघी भांडायला लागलात तर पोर उपाशी राहील."

होडीने खाडी ओलांडून, धरमतरहून एस. टी. धरून दोघी अलिबागेत पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. शाळेच्या ओसरीवरच राही आजीच्या मांडीवर झोपून गेली. तिला उठवणं म्हणजे समितीपुढे वेगळाच वाद उभा करणं. येसूबाई म्हणाली, "तू जा. म्या हितं हाय." सत्यवती एकटी आत गेली.

टेबलाभोवती चौघे होते. मधले अध्यक्ष, प्राध्यापक दिनानाथ चौलकर; चेहरा दमलेला, पण डोळे निवळ. त्यांच्या उजवीकडे बाळाजीशास्त्री. उरलेले दोघे कागदात डोकं घालून होते.

शास्त्र्यांनीच तोंड उघडलं. "बाई, आधी दुसऱ्याचं म्हणणं मांडायचं, हे आमच्या शास्त्रात फार जुनं आहे. पूर्वपक्ष म्हणतात त्याला. तुमच्या बांधावरून आम्ही ते नव्याने काय शिकायचं?"

"जुनं आहे हे चांगलंच, शास्त्रीबुवा," सत्यवती म्हणाली. "पण पोथीतला दुसरा पक्ष पोथीवाल्यानेच लिहिलेला असतो. तो उठून 'मी असं बोललोच नाही' म्हणत नाही. आमच्याकडे म्हणतो."

कागदात डोकं घातलेल्यांपैकी एकजण खोकल्यासारखं हसला.

चौलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वर्ग मला आवडलाय. खोटं सांगत नाही. वेळेचंही जमवू. अडचण नावाची आहे. शाळेच्या प्रशस्तिपत्रकांना विद्यापीठाने मान्यता द्यावी म्हणून आमचा पत्रव्यवहार चालू आहे. शिक्षकाला पदवी हवी."

"तुमचं म्हणणं मी सांगते, सर. चुकलं तर थांबवा." सत्यवतीने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले. "तुम्ही ही शाळा महत्प्रयासाने उभी केलीत. ती बंद पडावी असं वाटणारे लोक आहेत आणि ते निमित्त शोधताहेत. निरक्षर बाईचं नाव छापलंत तर ते निमित्त तुम्हीच त्यांच्या हातात द्याल. आणि त्यात चाळीस मुलांची प्रशस्तिपत्रकं बुडतील, ज्यांचा यात काही दोष नाही."

"यातलं अर्धं मी बोललो नव्हतो," चौलकर हळूच म्हणाले. "पण हो. हेच."

"आता माझं. शिकवायला ज्याला येतं तो शिक्षक. पाणी पायाला लागायच्या आत भांडण मिटवून दाखवणारं या टेबलाभोवती कोणी नाही. मीही नाही. मी नुसतं पाहिलंय. बाहेर ओसरीवर बसल्यात त्यांना येतं."

"मग मार्ग साधा आहे," चौलकर पुढे झुकले. "तुमचं नाव घालू. तुम्ही ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका आहात, तुमच्यासाठी मी भांडेन. सासूबाईंना माहितगार म्हणून बोलावू. त्या दाखवतील, तुम्ही शिकवा. छापील पत्रकात सौ. सत्यवती, प्राध्यापकांच्या रांगेत."

छापलेलं नाव. मोठी झालेली राही त्या नावावरून बोट फिरवते आहे आणि अक्षरं लावून वाचते आहे, असं तिला क्षणभर दिसलंसुद्धा. दुपारच्या त्या सगळ्या पाऊण तासांना कुणीतरी किंमत दिल्यासारखं वाटलं. किती सोपं होतं. मान हलवली की झालं.

"नको," ती म्हणाली.

"विचार करा."

"केला, सर. पोर विचारील ना उद्या. आजीला येत होतं, तर वर आईचं नाव कसं? मला तिच्यापुढे मान खाली घालायची नाही."

शास्त्र्यांनी सुस्कारा टाकला. चौलकरांनी चष्मा परत चढवला आणि पेन उचललं. "मग नाइलाज आहे. वर्ग वगळावा लागेल."

"वगळा. पण ते आईंना तुम्ही सांगा."

"म्हणजे?"

"मी तुमचा निरोप नेणार नाही. निकाल लावणाऱ्याने तोंडावर सांगायचा. वीस पावलांवर आहेत त्या."

"ही काय पद्धत झाली!" शास्त्री म्हणाले.

"हीच, शास्त्रीबुवा. हिचाच वर्ग होता तो."

चौलकर उठले. उठावं लागलं म्हणून की उठावंसं वाटलं म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सत्यवती त्यांच्या मागून दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून थांबली.

ओसरीवर येसूबाई भिंतीला टेकून बसली होती. राहीचं तोंड तिच्या पोटात लपलेलं, एक चिमुकली मूठ लुगड्याच्या काठात अडकलेली. येसूबाईने मान वर केली; उठली मात्र नाही.

"मास्तर, काय ठरलं?"

चौलकर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्हांला शिक्षक म्हणून घेता येत नाही. तुमच्याकडे पदवी नाही."

"बरं." येसूबाईने राहीच्या कपाळावरची माशी हाकलली. तिच्या आवाजात राग नव्हता. बांधावर असतो तसाच तो सपाट होता. "मंग आता माझं म्हणणं काय हाय ते सांगा."

"तुमचं म्हणणं..." चौलकर अडखळले. "तुमच्या सूनबाईंनी आत सगळं मांडलंय."

"त्ये तिचं. तिच्या तोंडात जीभ हाय, ती बोलंल. म्या माझं इचारते."

ते उभेच राहिले. दारातून सत्यवतीला त्यांची पाठ दिसत होती, आणि मानेवरून कॉलरीत उतरणारा घाम.

"ते मला माहीत नाही," चौलकर म्हणाले.

"मंग निकाल कसा लावला?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. चौलकरांनी एकदा मागे वळून पाहिलं. सत्यवती तिथे होती, पण तिने नजर मवाळ केली नाही आणि मदतीला एक शब्द दिला नाही. आत टेबलावर पेनचं टोपण वाजलं. बाळाजीशास्त्र्यांची हाक आली, "दिनानाथराव, पुढचा अर्ज घ्यायचा ना?"

"नाही," चौलकर म्हणाले. "अजून हाच चालू आहे."

त्यांनी वहाणा पायरीखाली काढल्या आणि धोतर सावरत येसूबाईसमोर जमिनीवर मांडी घातली. हातातलं पेन क्षणभर पाहून त्यांनी ते खिशात ठेवून दिलं.

"बोला, बाई."

"हळू," येसूबाई म्हणाली. "पोर उठंल." मग तिने राहीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, पदर नीट केला आणि बोलायला सुरुवात केली.