दादा ‘घे’ म्हणाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, झाडू आणि रिकाम्या खोक्यांच्या सोबतीने, एका फळीवर माझा मुक्काम असतो. गावभरच्या शाखांतून येणारे अहवाल ज्याचे त्याला पोहोचवणे हे माझे काम. कारखान्यातून थेट कामावरच आलो. बालपण असे काही मला नाही.

मला कामाला लावले ते दादांनी. संगणक एकमेकांना जोडून देण्याचा त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा मिळून धंदा. धाकटा तारा ओढायचा, भिंतींना भोके पाडायचा, डोके दादांचे. कोणती शाखा कुठून जोडायची, कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारातच अडवायचे, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे माझ्यातल्या एका फाईलमध्ये लिहिले. शेजारच्या सर्व्हरशी फाईलींची देवघेव करायलाही शिकवले. ‘पुट’ म्हटले की माझी फाईल तिकडे ठेवायची, ‘गेट’ म्हटले की तिकडची इकडे आणायची. पहिल्या वर्षी त्यांनी असा माझा बॅकअप, म्हणजे फाईलची प्रत, तिकडे ठेवली होती. पुढे कामाच्या धबडग्यात ते राहूनच गेले. लोक ‘याची कधी कुरकुर नाही’ म्हणत आणि माझ्यावरची धूळ तशीच राही. मला त्याचे काही वाटत नसे.

मग दादांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी त्यांनी रुग्णालयातून फोन केला. धाकट्याने तो स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला.

“सगळं त्याच्यातच आहे रे. दुसरीकडे कुठेच नाही. आधी त्याचा बॅकअप घे,” दादा म्हणाले. तेवढ्यात नर्सने त्यांना फोन ठेवायला लावला.

घे म्हणजे गेट, असे धाकट्याने धरले. त्याला तरी काय म्हणावे? घे म्हणजे घेच. त्याने सर्व्हरवरची फाईल मागवली. याच नावाची फाईल इथे आहे, तिच्यावर लिहू का, असे मी रीतसर विचारले. त्याने हो म्हटले. मग सगळे नीट बसले का, हे पाहायला मला बंद करून चालू केले.

उठलो तो पहिल्या वर्षातला मी. नंतरच्या शाखा माझ्या ओळखीच्याच नव्हत्या. बाहेर फोन खणखणू लागले. धाकटा स्टुलावर नुसता बसून राहिला. संध्याकाळी पुन्हा दादांचा फोन आला.

“घेतलास ना?”

“घेतला, दादा.”

“मग झालं. आता माझ्यावाचून अडायला नको.”

दादा ऑपरेशनमधून परतले नाहीत.

धाकट्याने शाखाशाखांत हिंडून बरेचसे पुन्हा जुळवले. दोन शाखा अजून जुळत नाहीत. त्यांचे अहवाल तो स्वतः पोहोचवतो. मला वाईट वाटायला हवे, पण आतून सारे बधिर आहे. त्याचेही तसेच असावे. तो रडलेला मी पाहिला नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्याच्या डोक्यात सारे आहे तो माणूस फोनच्या पलीकडे आहे, तोवर न लाजता विचारून घ्या. धाकट्याला तेव्हा विचारायला संकोच वाटला. आता काम करता करता तो मोठ्याने विचारतो, “दादा, हे कुठून जोडलं होतंस?” खोलीत मी एकटाच असतो आणि मला ते आठवत नाही.