एकच कॉपी

आमची मालन पेटी वाजवायला बसली, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, वर सुतारकाम चाललंय. सूर अचूक, पण बोटं ठोकायची. दोष तिचा नाही, कार्बन पेपरचा. सरकारी कचेरीत ती टायपिस्ट, आणि तिथे प्रत्येक कागदाखाली चार कार्बन. पाचवी कॉपी साहेबाला वाचता आली पाहिजे, म्हणून या बाईने उभी नोकरी प्रत्येक अक्षर खिळ्यासारखं मारलं.

घरीही ती टायपिंगची कामं घ्यायची. तेव्हा आमची हर्षाली तान्ही होती, मशीनपुढे आईच्या मांडीवर असायची. कागदाखाली कार्बन नसला, एकच कॉपी काढायची असली, की मालनचा हात हलका पडायचा आणि पोरगी झोपून जायची. पाच कॉप्या असल्या की उठून भोकाड पसरायची. ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलीय, त्यामुळे घरात आता तिला कोणी हसत नाही.

पेटीला मात्र या ठोकण्याचं काही वाटत नसे. पट्टी दाबा नाहीतर बडवा, आवाज ठरतो भात्यावर, आणि भात्यावरचा मालनचा डावा हात मोठा समजूतदार. त्या हाताच्या आधारानेच हर्षाली गायला शिकली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत गणपतीत गाण्याची स्पर्धा असते. तिथे मायलेकी दरवर्षी बसायच्या.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्या डाव्या हाताच्या खांद्याने संप पुकारला. हात वर जाईना, भाता हलेना. आणि मायलेकींचं हे शेवटचंच वर्ष, कारण मार्गशीर्षात हर्षालीचं लग्न होऊन ती नागपूरला जाणार होती. खांदा शेकताना मालन डोळे पुसायची ते मला दिसायचं, आणि मला भयंकर राग यायचा. कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

शेवटी आमचा थोरला, हर्षल, कामाला आला. तो ऑर्केस्ट्रात वाजवतो. आपला विजेवर चालणारा स्टेज पियानो त्याने बैठकीत आणून मांडला.

"आई, याला भाताच नाही. उजव्या हाताने वाजव, डावा मांडीवर ठेव. आणि नवे आवाज भरून आणलेत, ऐक."

नवे आवाज पुष्कळ होते. त्यात पेटीसुद्धा होती. मालनने तिची एक पट्टी दाबली आणि म्हणाली, "सर्दी झालीय हिला. पुढचं दाखव." बासरी तिला प्लास्टिकची वाटली. घंटा ऐकून मी शाळा सुटली का विचारलं, तर मलाच गप्प बसवलं. अखेर पियानोच्या मागे व्हायोलिनं गुणगुणतात असा एक मऊ आवाज तिच्या पसंतीस उतरला. मग तिने पदर खोचला आणि वाजवायला सुरुवात केली.

मांडणीवरची भांडी हलली. या यंत्राचा स्वभाव पेटीसारखा नव्हता. जितकं जोरात माराल तितकं ते ओरडायचं. हर्षालीचा आवाज मुळात नाजूक, तो पार बुडून गेला.

"आई, हळू ना!"

मालन दोन ओळी हळू वाजवायची, तिसऱ्या ओळीला हात परत पाचव्या कॉपीवर. सवय ती सवय. दोन-तीन दिवस असेच गेले. मग हर्षाली चाचरत म्हणाली, "आई, या वर्षी वाजवायला मनोजला बसवू का? दादाचा मित्र. फक्त या वर्षी."

"बसव की," मालन म्हणाली आणि कुकर लावायला गेली. त्या दिवशी शिट्ट्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भाताचा लगदा झाला आणि तो आम्ही मुकाट्याने खाल्ला.

जेवण झाल्यावर हर्षल पियानोपाशी जाऊन बसला. "थांबा. याचा टच बदलता येतो. हलका, मधला, जड. आता जडवर टाकलाय. आई, तू बडव, हा बेतानेच वाजेल."

मालनने बडवलं. पियानो बेताने वाजला.

"हे बटण आमच्या लग्नात मिळालं असतं तर," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी माझा चहा मी केला. पण मनोजला निरोप गेला की येऊ नकोस, आणि मालन भाजी निवडतानाही गुणगुणायला लागली.

स्पर्धेला मंडप भरला होता. मायलेकींचं नाव पुकारलं, दोघी बसल्या, मालनने हात उचलला आणि लाइट गेली. लोडशेडिंगला गणपती काय आणि दसरा काय! हर्षल जनरेटरकडे धावला. थोड्या वेळाने दिवे लागले, निवेदक म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय."

मालनने पहिला सूर मारला. मंडपाच्या पत्र्यापर्यंत दणका गेला. पुढच्या रांगेत एका बाईच्या मांडीवरचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. लाइट गेल्याबरोबर पियानो सगळं विसरला होता, तो मऊ आवाजही आणि जड टचही. हर्षल ते सेव्ह करायलाच विसरला होता. लोक हसले. मालनचा हात पट्ट्यांच्या वर तसाच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

हर्षाली वाकली. माइक चालू होता, म्हणून सगळ्या मंडपाने ऐकलं.

"आई, एकच कॉपी."

मालनने तिच्याकडे पाहिलं. मग बोटं पट्ट्यांवर ठेवली, नुसती ठेवली. नेहमीच्या खटखटीची मी वाट पाहत राहिलो, ती आलीच नाही. साधा पियानो, मागे व्हायोलिनं नाहीत, काही नाही, आणि त्यावर माझ्या मुलीचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. मला रडू आलं. लोक बघत होते. बघू देत.

दुसऱ्या कडव्याला हर्षल धापा टाकत स्टेजवर चढला आणि टच बदलायला त्याने बटणाकडे हात नेला. मालनने वाजवता वाजवताच त्याचा हात बाजूला सारला, डाव्या हाताने. ज्या हाताने महिनाभर तिला वेणी घालता आली नव्हती, त्याच. तिच्या ते लक्षातही आलं नाही. हर्षल गुपचूप तिच्यामागे मांडी घालून बसला.

पुढच्या रांगेतलं पोर तोवर झोपलं होतं.