त्रिनिदादला कधी जावं

माझा धाकटा भाऊ श्याम वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर भारत सरकारच्या कचेरीत होता. छपन्न साली गणपती आटोपले आणि त्याचं पत्र आलं. ‘ताई, पुढच्या जूनमध्ये माझी बदली. त्याआधी महिनाभर राहून जा. तिकीट मी काढतो. जून ते नोव्हेंबर इथे वादळं, जानेवारी ते मे झकास. फेब्रुवारीत तर लोक रस्त्यावर येऊन नाचतात. कुठल्या महिन्यात येतेस ते आठ दिवसांत कळव.’

मला तर आभाळ ठेंगणं झालं. बावीस वर्षांच्या संसारात माझी लांबची सफर म्हणजे घाटकोपरहून चेंबूरला नणंदेकडे! समुद्र पाहिला तो गणपती विसर्जनाला, तेव्हाही अर्धं लक्ष पोरीच्या चपलांवर.

पण आमच्याकडे चार दिवस बाहेर जायचं तरी भाऊंना विचारावं लागतं. भाऊ म्हणजे माझे मोठे दीर. राहतात नाहूरला, हुकूम चालतो आमच्या घरात. रविवारी पंचांग काखेत मारून हजर, बरोबर जाऊबाई.

‘जानेवारी म्हणजे पौष,’ भाऊ म्हणाले. ‘पौषात कोणी सातासमुद्रापार जातं का?’

‘मग फेब्रुवारी,’ मी म्हटलं.

‘माघात आमच्या सुलक्षणाचं लग्न,’ जाऊबाई म्हणाल्या.

‘अगंबाई, ठरलं? कधी?’

‘अजून नाही गं. पण ठरलं तर?’

आता बोला! नवरदेवाचा पत्ता नाही आणि काकू मात्र मांडवात हजर हवी.

मार्चमध्ये आमच्या उत्तराची एसएससी. ‘पोरगी परीक्षेला आणि आई रस्त्यावर नाचायला, वा!’ भाऊ म्हणाले.

‘आई नसली तर बरंच आहे,’ उत्तरा म्हणाली. ‘दर तासाला दूध घेऊन येते, माझी सनावळी पाठ होत नाही.’ मेली! पण माझ्या बाजूने बोलणारी तेवढी एकच.

एप्रिलमध्ये चैत्रातलं हळदीकुंकू, मेमध्ये पापड-कुरडया. शेवटी भाऊंनी पंचांग मिटलं. ‘तू ऑगस्टमध्ये जा.’

‘ऑगस्टमध्ये वादळं असतात. आणि श्याम तिथे नसेल!’

‘नसेना का. बेट तर असेल.’

इतका वेळ आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसलेले. माझं डोकंच फिरलं.

‘भाऊ, जहाजाला जायला सव्वा महिना, यायला सव्वा महिना. कुठलाही मुहूर्त काढा, साडेतीन महिने मी इथे नाही. सगळंच बुडणार. मग इथलं कशाला बघू? तिथे चांगलं कधी, तेव्हा मी जाणार!’

त्यांच्यासमोरच श्यामला पत्रात फेब्रुवारी लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

भाऊ चहा न घेताच गेले, मागोमाग जाऊबाई. आता हे बोलणार, मला वाटलं. ‘जाऊ नकोस’ म्हणाले असते तर पत्र फाडलं असतं मी, खरं सांगते. तेवढीच माझी हिंमत.

मी आत गेले तर हे उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. आजवर कधी चहाचं आधण ठेवलेलं नाही या माणसाने.

‘भाताला पाणी किती घालतेस?’

‘तांदळाच्या वर एक पेर.’

त्यांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, बराच वेळ पाहिलं.

‘कोणाचं पेर? तुझं की माझं?’

मला हसू फुटलं आणि रडूही. त्यांचं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं.

‘तुमचं बरंच मोठं आहे हो. साडेतीन महिने गिच्च भात खावा लागेल.’

‘खाऊ,’ हे म्हणाले. ‘आण ते पाकीट, पेटीत टाकून येतो.’