बांगड्याचे काटे

चंद्रभागाबाईंनी बांगड्याचा तुकडा बोटांनी उकलला, काटे काढून ताटाच्या कडेला ठेवले आणि ताट काळुरामपुढे सरकवलं. मग दक्षताकडे न बघताच विचारलं,

"तिथं ह्याला काटं कोन काढून देईल?"

प्रत्येक भेटीत हाच प्रश्न. काळुराम, त्यांचा मुलगा, पंचेचाळिशीचा. समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. हल्ली जिना चढताना बाईंच्या छातीत दुखायचं. आपल्या माघारी ह्याचं काय, या धास्तीनं त्यांनीच दक्षताच्या संस्थेला फोन केला होता. अशा माणसांना कायमची राहायची सोय शोधून देणं हे दक्षताचं काम. पण एक जागा लांब, दुसरीत म्हणे पंखा करकरतो, तिसरी शाकाहारी. कोपरीतल्या कोळणीनं लेकाला गवत खायला घालायचं होय! दक्षता वैतागायची, पण मनातल्या मनात. शेवटी टिटवाळ्याला मासे देणारी जागा मिळाली आणि बाईंना खोट काढता येईना.

आठवडाभर ठेवून बघू, असं ठरलं. त्या आठवड्यात बाईंनी मासळी आणलीच नाही. कुणासाठी आणायची? चहात पाव बुडवून दिवस काढले. घर खायला उठायचं. मग दक्षताला फोन. रडला का? नाही. जेवला? हो. बाईंना बरं वाटायचं, वाईटही वाटायचं, आणि वाईट वाटतं याची लाज वाटायची.

आठवडा संपला तशा दोघी टिटवाळ्याला गेल्या. जेवणं चालली होती. काळुराम दारातूनच दिसला. वाढणारी मावशी पलीकडच्या टोकाला होती. त्यानं बांगड्याचा तुकडा बोटांनी उकलला, मधला काटा अख्खा ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. अगदी बाई ठेवत तसा.

बाई दाराला टेकल्या. म्हणजे याला येत होतं. कधीपासून, देव जाणे.

तेवढ्यात काळुरामनं वर बघितलं. आई दिसताच तो तोंडभर हसला, हातातला तुकडा खाली ठेवला आणि ताट तिच्या दिशेनं सरकवलं.

बाई शेजारी जाऊन बसल्या. सवयीनं हात पुढे गेला, आणि त्यांनी तो मागे घेऊन पदराखाली धरला.

"तुजं तू खा."

तो वाट बघत राहिला. मग त्यानं ताट परत आपल्याकडे ओढलं.

"त्याचं बाकीचं कपडं उद्या आनून देते," बाई दक्षताला म्हणाल्या.